कळून काय करणार?

आपल्याकडे मूल जन्माला आलं की नाव बाराव्या दिवशी मिळतं. पण रास, नक्षत्र, चरण, गण आणि नाडी ही पाच लेबलं त्याच्या आधीच लागलेली असतात. जन्मवेळ टिपणाऱ्या नर्सला किंवा पत्रिका करणाऱ्या गुरुजींना कुणी विचारत नाही, की एवढ्याशा जिवाला लेबल कशाला लावता. पंचविशी ओलांडली की तीच लेबलं कपाटातून पुन्हा बाहेर निघतात. छत्तीसपैकी गुण किती, मंगळ आहे का, नाडी एक तर नाही ना? हे कळून काय उपयोग, असं विचारणारा माणूस मला संगमनेरात अजून भेटायचा आहे.

आणि तरी याच गावात, याच घरांत, अठ्ठावीस वर्षांच्या मुलानं ‘मला ऑटिझम आहे का, ते डॉक्टरांना विचारायचंय’ असं म्हटलं की पहिला प्रश्न तोच येतो. आता कळून काय करणार?

मला हा प्रश्न तिघांनी विचारला. आईनं, कॉलेजच्या मित्रानं आणि शेवटी डॉक्टरांनी. शब्द जवळजवळ सारखेच होते, अर्थ वेगळे होते. आईला म्हणायचं होतं, ‘कळलं तर पुढे सांगावं लागेल.’ मित्राला म्हणायचं होतं, ‘हे सगळं रील्सचं खूळ आहे.’ डॉक्टरांना म्हणायचं होतं, ‘माझ्याकडे यावर गोळी नाही.’ तिन्ही बोलण्यांत तथ्य आहे. त्यामुळे प्रश्न उडवून न लावता त्याचं उत्तर शोधायचा हा प्रयत्न आहे.

विचारायचंय ते नेमकं काय?

मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो, बहुतेक दिवस घरूनच. नोकरी ठीक चालली आहे. समोरासमोर बोलताना मी माणसाच्या डोळ्यांत बघतो, पण मोजून : एक, दोन, तीन, मग नजर खाली, मग पुन्हा. फोन करण्याआधी पहिली दोन वाक्यं मनात लिहून ठेवतो. ‘दोन मिनिटं बोलू या का?’ असा मेसेज आला की पुढचा अर्धा तास कामाचा राहत नाही. लग्नाच्या हॉलमध्ये बँड, मिक्सरवर वाटण, मागच्या टेबलावरचं बोलणं आणि पंख्याची घरघर हे सगळं मला एकाच आवाजात ऐकू येतं. त्यातून समोरच्याचं वाक्य वेगळं काढायला जोर लावावा लागतो. बसस्टँडवर उभा असलो की नंबरप्लेटा आपोआप वाचल्या जातात आणि एमएच १२, १४, १५, १६, १७ असे गट मनात पडत राहतात. चार तास माणसांत घालवले की घरी येऊन अंधाऱ्या खोलीत पडून राहावं लागतं. आवड म्हणून नाही. तसं केलं नाही तर दुसऱ्या दिवशी तोंडातून शब्द नीट निघत नाहीत.

हे वाचून तुमच्यापैकी निम्मे म्हणतील, ‘हे तर मलापण होतं.’ होत असणारच. यातली कुठलीही एक गोष्ट कुणालाही होते. म्हणूनच वैद्यकीय व्याख्या एका गोष्टीवर थांबत नाही. अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेनं २०१३ मध्ये काढलेल्या निदानपुस्तिकेप्रमाणे सामाजिक देवाणघेवाणीतल्या तिन्ही प्रकारच्या अडचणी असाव्या लागतात. तेच-तेच करण्याची ओढ, ठरलेल्या क्रमाचा आग्रह, एखाद्या विषयाची तीव्र आवड, आवाज-स्पर्श-प्रकाश फार किंवा फार कमी जाणवणं या चारांपैकी किमान दोन गोष्टी असाव्या लागतात. त्यांची सुरुवात लहानपणीच झालेली असावी लागते आणि त्यांच्यामुळे रोजच्या जगण्यात खरोखर अडचण येत असावी लागते. ‘सगळेच थोडे-थोडे ऑटिस्टिक असतात’ या वाक्याला उत्तर या शेवटच्या दोन अटींमध्ये आहे. दम सगळ्यांनाच लागतो, म्हणून दमा सगळ्यांना असतो असं होत नाही.

माझ्या बाबतीत या अटी पुऱ्या होतात की नाही, हे मला माहीत नाही. माझा प्रश्न एवढाच आहे.

नावं ठेवणारं गाव

‘लेबल लावून घेऊ नकोस’ हा सल्ला मला ज्यांनी दिला, त्यांनीच मला लहानपणापासून किमान पाच लेबलं लावलेली आहेत. घुम्या. शिष्ट. एकलकोंडा. तिरसट. माणूसघाणा. शेवटचं लावलं तेव्हा मी दहा वर्षांचा होतो आणि पाहुणे आले म्हणून गच्चीवर जाऊन बसलो होतो. म्हणजे नाव असणं आणि नाव नसणं, यांतून निवड करायची सोय मला कधी नव्हतीच. नावं पडलेलीच होती. फरक एवढाच, की ती स्वभावाचा निवाडा करणारी होती. ‘शिष्ट’ म्हणजे हा मुद्दाम बोलत नाही. ‘तिरसट’ म्हणजे याला वळण नाही. प्रत्येक नावात एक आरोप आहे आणि प्रत्येक आरोपावर ‘सुधार’ हे एकच औषध आहे.

गावानं दिलेलं नाव किती टिकतं याचं आमच्याकडचं मोठं उदाहरण अनंत फंदी यांचं. पेशवाईच्या उत्तरकाळातले हे शाहीर संगमनेरचे. मूळ आडनाव घोलप. पण इतिहासात राहिलं ते मागून चिकटलेलं ‘फंदी’. त्यांचा उपदेशपर फटका शाळेत असताना आमच्याकडून पाठ करून घेतलेला. सरळ रुळलेल्या वाटेनं चालावं, असा त्याचा रोख. स्वतः फंदी म्हणून ओळखला जाणारा, तमाशात रमलेला माणूस लोकांना रुळलेली वाट सांगतो, यातली गंमत मला फार उशिरा कळली. त्या सल्ल्याशी माझं भांडण नाही. पण रुळलेल्या वाटेवरून चालायला काहींना इतरांपेक्षा दुप्पट श्रम पडतात, आणि चालताना ते श्रम दिसू द्यायचे नाहीत असाही नियम असतो. हा दुसरा नियम कुठल्याच फटक्यात लिहिलेला नाही. तो आपण बघून-बघून शिकतो.

वैद्यकातलं नाव तरी स्थिर आहे का? तसंही नाही. ‘ऑटिझम’ हा शब्द ग्रीक ‘ऑटोस’ म्हणजे ‘स्व’ यावरून आला. स्विस मानसोपचारतज्ज्ञ ऑयगेन ब्लॉयलर यांनी तो विसाव्या शतकाच्या सुरुवातीला स्किझोफ्रेनियाच्या एका लक्षणासाठी घडवला. १९४३ मध्ये अमेरिकेत लिओ कॅनर यांनी अकरा मुलांवरच्या निबंधात तो वेगळ्या अर्थानं वापरला. पुढच्याच वर्षी व्हिएन्नात हान्स आस्पर्गर यांनी अशाच काही मुलांबद्दल लिहिलं. १९८१ मध्ये लोर्ना विंग या ब्रिटिश डॉक्टरबाईंनी आस्पर्गर यांचं नाव इंग्रजी जगात आणलं, १९९४ मध्ये ‘आस्पर्गर सिंड्रोम’ हे अधिकृत निदान झालं आणि २०१३ मध्ये ते काढून सगळं ‘ऑटिझम स्पेक्ट्रम’ या एका नावाखाली आलं. आस्पर्गर यांनी नाझी राजवटीशी सहकार्य करून काही मुलांना ‘आम श्पीगेलग्रुंड’ या जीवघेण्या संस्थेकडे पाठवलं होतं, हे कागदपत्रांसह २०१८ मध्ये समोर आलं. २०१० मध्ये आलेल्या ‘माय नेम इज खान’मधला बोरिवलीत वाढलेला रिझवान मोठेपणी अमेरिकेत गेल्यावर वहिनीकडून ज्या निदानाचं नाव ऐकतो, ते निदान त्या पुस्तिकेत आज नाही. रिझवान मात्र तसाच आहे.

कोड लिहिताना व्हेरिएबलचं नाव बदललं तर प्रोग्रॅमच्या उत्तरात फरक पडत नाही. फरक पडतो तो कोड वाचणाऱ्याला. ‘टेम्प २’ नावाच्या व्हेरिएबलमध्ये काय साठवलंय, हे शोधण्यात माझे अख्खे दिवस गेलेले आहेत. नाव चुकलं तरी कोड चालतो, पण पुढचा माणूस नको तिथे दुरुस्ती करत बसतो.

मराठीतला ‘स्वमग्न’ हा शब्दही असाच तपासून बघावा लागतो. ‘मग्न’ हा आपल्याकडे सुखाचा शब्द आहे. भजनात मग्न, कामात मग्न. स्वमग्न म्हटलं की बाहेरच्या जगाशी देणंघेणं नसलेला, स्वतःत बुडालेला माणूस डोळ्यांपुढे येतो. माझा अनुभव उलटा आहे. लग्नाच्या हॉलमध्ये बाहेरचं जग माझ्यापर्यंत पोचत नाही, असं होत नाही. ते सगळंच्या सगळं एकदम पोचतं. अनेक ऑटिस्टिक माणसांनी स्वतःबद्दल हेच लिहून ठेवलं आहे. तरीही शब्द रुळला आहे आणि पालकांच्या संस्थांनी तो मायेनं वापरला आहे, म्हणून तो टाकून द्या असं मी म्हणणार नाही. तो ऐकल्यावर लगेच समजल्यासारखं वाटतं, तेवढी घाई टाळावी.

कॅनर यांच्या निबंधातला पहिलाच मुलगा, डोनल्ड ट्रिपलेट, अमेरिकेत मिसिसिपी राज्यातल्या फॉरेस्ट नावाच्या छोट्या गावात राहिला. बँकेत नोकरी केली, गोल्फ खेळला, एकट्यानं देशोदेशी फिरला आणि २०२३ मध्ये वयाच्या ८९व्या वर्षी गेला. गावानं त्याला सांभाळलं. लोकांना त्याच्या सवयी माहीत होत्या आणि त्या चालवून घेतल्या जात होत्या. ‘मग बघ, निदानाशिवायही छोट्या गावात निभतं,’ असं यावर म्हणता येईल. पण दोन गोष्टी विसरता येत नाहीत. एक, ती बँक त्याच्या घरच्यांशी संबंधित होती. पैसेवाल्याच्या वेडाला लहर म्हणतात आणि गरिबाच्या लहरीला वेड, हे फॉरेस्टला जेवढं लागू आहे तेवढंच संगमनेरला. दोन, निदान नसलेला माणूस हे उदाहरणच नव्हे. जगातलं पहिलं निदान त्याचंच होतं.

डॉक्टरांचा प्रश्न

संगमनेर नाशिक आणि पुण्याच्या मधे आहे. नाशिक सत्तर किलोमीटर, पुणे त्याच्या दुप्पट. लहान मुलांसाठी दोन्हीकडे चांगले लोक आहेत. बोलायला उशीर करणाऱ्या मुलाला कुठे न्यायचं हे आता तालुक्यातल्या अंगणवाडीताईलाही साधारण माहीत असतं. मोठ्या माणसानं कुठे जायचं, हे शोधताना मात्र फोनवर पलीकडून पहिला प्रश्न येतो : ‘पेशंटचं वय काय?’ अठ्ठावीस म्हटलं की जरा वेळ शांतता.

ज्या डॉक्टरांना मी भेटलो ते सभ्य होते आणि घाईत होते. पाच मिनिटं ऐकून ते म्हणाले, “इंजिनिअर आहात, नोकरी आहे, डोळ्यांत बघून बोलताय. समजा असलंच, तर नाव कळून काय करणार? यावर औषध नाही.”

त्यांचं म्हणणं तर्काला धरून आहे. ज्या तपासणीनं उपचार बदलत नाही ती करू नये, हे वैद्यकातलं चांगलं तत्त्व आहे; त्यानं पेशंटचे पैसे वाचतात. ऑटिझमच्या मुळावर औषध नाही, हेही खरं. रक्ततपासणी नाही, स्कॅन नाही. केंब्रिजमध्ये २००१ साली तयार झालेली पन्नास विधानांची एक प्रश्नावली फोनवर कुणालाही भरता येते, त्यात ३२च्या वर गुण आले की पुढे तपासावं असं म्हणतात. पण ती चाळणी आहे, निदान नाही. त्यात पार्टीपेक्षा लायब्ररीत जाणं पसंत कराल का, अशा अर्थाचं एक विधान आहे. आमच्याकडे पार्टी म्हणजे मळ्यातलं मटण आणि लायब्ररी म्हणजे स्पर्धा परीक्षेची अभ्यासिका. मी दोन्हीकडे जात नाही, तेव्हा गुण कुठे द्यायचा?

पण डॉक्टरांच्या वाक्यात एक गृहीतक आहे : उपयोग म्हणजे उपचार. माणसाला स्वतःबद्दलची माहिती फक्त बरं होण्यासाठीच हवी असते का? रंगांधळेपणाला औषध नाही. तरी तो आहे हे कळलेला माणूस सिग्नलचे दिवे जागेवरून ओळखायला शिकतो आणि पिकलेला टोमॅटो निवडता न येणं हा आपला हलगर्जीपणा आहे, असं समजणं थांबवतो. यात दुसरी गोष्ट पहिलीपेक्षा लहान नाही.

‘डोळ्यांत बघून बोलताय’ याबद्दलही थोडं बोलायला हवं. मी मोजत होतो, हे त्यांना दिसणं शक्य नव्हतं. न दिसावं यासाठीच तर मोजतो. झाकण्याचं काम चांगलं जमलं की अडचण नव्हतीच, असा निष्कर्ष निघतो आणि झाकायला लागलेली मेहनत हिशेबात येत नाही. डेमियन मिल्टन या स्वतः ऑटिस्टिक असलेल्या ब्रिटिश समाजशास्त्रज्ञांनी २०१२ मध्ये एक साधी गोष्ट मांडली : ऑटिस्टिक माणसाला इतरांचं मन कळत नाही असं म्हणतात, पण इतरांना तरी त्याचं कुठे कळतं? न कळणं दोन्ही बाजूंनी आहे, सुधारण्याची जबाबदारी मात्र एकाच बाजूवर. पुढे २०२० मध्ये एका प्रयोगात माणसांच्या रांगा करून कानगोष्टींसारखा निरोप पुढे पाठवायला सांगितला. सगळे ऑटिस्टिक असलेल्या रांगेत निरोप इतरांच्या रांगेपेक्षा जास्त बिघडला नाही. संवाद येत नाही असं ज्यांच्याबद्दल म्हणतात, त्यांचा आपसांत बरा चालतो. तो ‘आपसांत’ शोधायचा तर आपण कुठले, हे आधी कळावं लागतं.

क्लिफर्डचं जहाज

आता आईचा प्रश्न. तो सगळ्यांत अवघड.

घरात माझ्या लग्नाचं बघणं चालू आहे. आईचं म्हणणं असं : आता डॉक्टरनं नाव दिलं तर मुलीकडच्यांना सांगावं लागेल. सांगितलं तर स्थळ जाईल, न सांगितलं तर फसवणूक होईल. “आपण विचारलंच नाही, तर आपण काही लपवलंही नाही.” हे वाक्य मी कितीतरी दिवस डोक्यात घेऊन फिरलो, कारण त्यात फट सापडत नव्हती. जे मला माहीतच नाही ते मी लपवणार कसं?

विल्यम क्लिफर्ड या इंग्रज गणितज्ञानं १८७७ मध्ये एका निबंधात जहाजमालकाची गोष्ट सांगितली आहे. जहाज जुनं आहे, डागडुजीला झालेलं आहे, आणि त्यातून देशांतर करणारी कुटुंबं जाणार आहेत. मालकाला शंका येते. पण तपासणी खर्चाची. तो स्वतःला समजावतो, की इतक्या फेऱ्या झाल्या, हीही होईल. हळूहळू त्याचा खरोखरच विश्वास बसतो. जहाज बुडतं आणि तो विम्याचे पैसे घेऊन गप्प बसतो. क्लिफर्डचं म्हणणं, तो दोषी आहे. विश्वास प्रामाणिक होता हा बचाव होऊ शकत नाही, कारण शंका दाबून तो विश्वास मिळवलेला होता. पुढे तो म्हणतो, की जहाज सुखरूप पोचलं असतं तरी दोष तेवढाच राहिला असता.

आईचं वाक्य या गोष्टीसमोर टिकत नाही. शंका आली नसती तर मी अजाण होतो. शंका आल्यावर न विचारणं हे अजाण असणं नव्हे. ते अजाणपण राखून ठेवणं आहे. न कळणं आणि न कळून घेणं यांत फरक आहे, आणि मराठीत तो एका शब्दानं होतो.

पण इथे थांबलो तर मी स्वतःला फुटकं जहाज ठरवून मोकळा होतो. क्लिफर्डचं उदाहरण जसंच्या तसं लागू होत नाही. माझ्याशी लग्न करणारी मुलगी बुडणार नाहीये. ऑटिस्टिक माणसं लग्नं करतात, संसार करतात. कुणाचे चांगले होतात, कुणाचे नाही, इतरांसारखेच. जहाजात भोक असतं तेव्हा सगळ्यांच्या दृष्टीनं ते भोकच असतं. माझ्या सवयी कुणाच्या दृष्टीनं त्रास, कुणाच्या दृष्टीनं शांतता. मग मुलीला सांगायचं देणं नेमकं काय लागतं? रोगाचं नाव? की माझ्याबरोबर राहणं कसं असेल याचं खरं वर्णन?

मला वाटतं, वर्णन. रविवारी चार घरी जायचं ठरलं तर मी दोन घरांनंतर गप्प होईन, त्याचा अर्थ राग असा नाही. भांडण झालं तर मला लगेच बोलता येत नाही. तीन तासांनी येईल, आणि मी नक्की बोलेन. हे नावाशिवाय सांगता येतं आणि नाव आलं तरी हे सांगावंच लागतं. नुसतं ‘ऑटिझम’ एवढंच सांगितलं तर समोरच्या घरात सिनेमातला कुणीतरी उभा राहील.

मग नावाची गरजच संपली का? नाही. वर्णन मी तेवढंच करू शकतो जेवढं मला स्वतःला कळलंय. आज मला जे राग वाटतं ते थकणं असेल. जो आळस वाटतो तो आवाजाचा परिणाम असेल. माझ्यासारख्या शेकडो माणसांनी चाळीस वर्षं लिहून ठेवलेल्या अनुभवांशी ताडून बघितलं, तर माझं वर्णन अधिक खरं होईल. आणि ताडून बघायचं तर ती माणसं माझ्यासारखीच आहेत की मला फक्त तसं वाटतंय, हे कुणीतरी तटस्थानं तपासावं लागेल. हे काम माझं मला करता येत नाही. कोड लिहिणाऱ्यानं स्वतःच टेस्ट करून पास केलेल्या कोडवर आमच्याकडे कुणी विश्वास ठेवत नाही.

मित्राच्या आक्षेपालाही इथेच उत्तर मिळतं. रील्स बघून स्वतःला नाव लावणारे आहेत, आणि नाव लागलं की माणूस त्याप्रमाणे वागायला लागतो, हा धोकाही खरा आहे. इअन हॅकिंग या तत्त्वज्ञानं यावर पुष्कळ लिहिलं : दगडाला ग्रॅनाइट म्हटल्यानं दगड बदलत नाही, पण माणसाला दिलेलं नाव माणूस ऐकतो आणि ऐकून बदलतो. ‘शिष्ट’ या नावानंही हे होतंच. आठव्या वर्षापासून ते ऐकणारा मुलगा विसाव्या वर्षी खरोखर शिष्ट झालेला असतो, कारण शिष्टाला निदान कुणी बोलायला लावत नाही. राहिला प्रश्न खूळ आणि शोध यांत फरक कसा करायचा. माझ्या मते एक कसोटी पुरेशी आहे : ‘नाही’ हे उत्तर ऐकायची तयारी आहे का? ज्याला फक्त ‘हो’ हवंय, त्याला प्रमाणपत्र हवंय. ज्याला दोन्ही चालेल, त्याला उत्तर हवंय.

कुणाचा वाटा?

प्रमाणपत्राचा विषय निघालाच आहे, तर सगळ्यांत टोचणाऱ्या आक्षेपाबद्दल बोलायला हवं. तो मला कुणी घेतला नाही. मीच स्वतःशी घेतो. आमच्या भागात असे पालक आहेत, ज्यांचा मुलगा पंधराव्या वर्षी बोलत नाही, रात्रभर झोपत नाही, आणि आपल्यामागे त्याचं काय होणार या चिंतेत जे म्हातारे होतायत. त्यांच्याही स्थितीचं नाव ऑटिझम आणि माझ्याही? मीटिंगमध्ये कॅमेरा बंद ठेवायला आवडतो म्हणून मी त्यांच्या रांगेत उभं राहायचं?

आपल्या कायद्यानं इथे एक फरक केलेला आहे. १९९९च्या राष्ट्रीय न्यास कायद्यात ऑटिझमचा पहिल्यांदा स्वतंत्र उल्लेख आला, आणि २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांमध्ये तो आहे. पण सवलती आणि राखीव जागा मिळतात त्या किमान ४० टक्के दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र असेल तरच. त्यासाठी आपल्याकडे ‘इसा’ नावाची भारतीय मोजपट्टी आहे : चाळीस मुद्दे, प्रत्येकाला एक ते पाच गुण, सत्तरच्या खाली ऑटिझम नाही. सरकारी नोकरीतल्या चार टक्के आरक्षणापैकी एक टक्का ऑटिझम, बौद्धिक दिव्यांगत्व, अध्ययन अक्षमता, मानसिक आजार आणि बहुविकलांगत्व या सगळ्यांमध्ये मिळून आहे. त्या एका टक्क्यात माझी काही जागा नाही आणि मी मागणारही नाही.

निदान आणि प्रमाणपत्र या दोन गोष्टी आहेत. पहिली माहिती आहे, ती वाटल्यानं कमी होत नाही. दुसरी वाटा आहे, तो एकाला दिला की दुसऱ्याचा कमी होतो. माहिती मागताना मला गरजेचा पुरावा द्यावा लागू नये. वाटा मागताना द्यावाच लागला पाहिजे. हे दोन वेगळे ठेवले तर त्या पालकांचं आणि माझं भांडण उरत नाही. उलट काही देणंच लागतं. न बोलणाऱ्या मुलाला मिक्सरच्या आवाजानं काय होतं, हे त्याला सांगता येत नाही. मला थोडंफार सांगता येतं. माझ्यावरून त्याचं सगळं कळेल असा दावा कुणी करू नये. पण कान झाकून ओरडणाऱ्या पोराला ‘लाडावलंय’ म्हणणाऱ्या पंगतीत कुणीतरी उठून ‘आवाज कमी करा’ म्हणायला हरकत नाही. हे म्हणायला निदान लागत नाही. पण आपण असं का म्हणतोय हे ठाऊक असलेला माणूस ते जास्त ठामपणे म्हणतो.

साक्षीदार

मोठ्या माणसाच्या निदानात एक अडचण आहे, जी मला आधी लक्षात आली नव्हती. सुरुवात लहानपणी झाली होती का, हे तपासायचं तर साक्षीदार लागतो. माझं बोलणं कधी सुरू झालं, मी एकटा काय खेळायचो, भांडी पडल्यावर रडायचो का, नवीन सदरा घालायला किती मारामारी व्हायची, हे मला आठवत नाही. शाळेची प्रगतिपुस्तकं रद्दीत गेली. उरली आई. म्हणजे हा प्रश्न फक्त माझा आणि डॉक्टरांचा नाही. मी विचारलं की तिला उत्तर द्यावं लागतं.

आणि आईला असं विचारण्याचा इतिहास चांगला नाही. विसाव्या शतकाच्या मध्यात अमेरिकेत मोठमोठ्या तज्ज्ञांनी ऑटिझमचा दोष आयांवर टाकला. आई थंड म्हणून मूल असं, हा सिद्धांत ब्रूनो बेटेलहाइम यांच्या १९६७च्या पुस्तकानं घरोघरी पोचवला. तो साफ खोटा होता. पण एका पिढीच्या आया तो खरा मानून जगल्या. आपल्याकडे सिद्धांताची गरजही पडत नाही. डोहाळे, ग्रहण, नोकरीला जाणारी आई, मोबाईल. दोष द्यायला काहीही चालतं. ‘कळून काय करणार’ म्हणताना आईच्या आवाजात जी धास्ती होती, ती अर्धी माझ्या लग्नाची होती. उरलेली अर्धी वेगळी होती, ती एका संध्याकाळी भाजी निवडताना बाहेर आली. “म्हणजे तुला लहानपणी त्रास होत होता आणि मी मारून पाठवलं सगळीकडे, असं ना?”

मी तिला म्हणालो, “तुला कळायला तेव्हा काही मार्गच नव्हता.” हे खरं आहे. नव्वदीच्या शेवटी तालुक्याच्या गावात कुणालाच हा शब्द माहीत नव्हता. क्लिफर्डचा नियम इथेही लागतो : शंका दाबली तर दोष, शंका यायचं कारणच नव्हतं तर दोष नाही. त्या वेळच्या तिला आणि आजच्या मला एकाच मापानं मोजता येत नाही. तिच्याकडे नसलेला शब्द माझ्याकडे आहे, म्हणून माझी जबाबदारी वाढते, तिची मागच्या तारखेपासून वाढत नाही.

तेव्हा, कळून काय करणार?

‘हो’ असेल तर : कामाच्या ठिकाणी मीटिंगचा विषय आधी लिहून मागेन. मुलीशी बोलताना वर्णनही सांगेन आणि नावही, या क्रमानं. आणि माझ्या एका चुलत आजोबांबद्दल, जे आयुष्यभर गोठ्यात राहिले, रोज एकाच वेळी एकाच वाटेनं शेतात गेले आणि ज्यांना सगळं गाव येडं म्हणून गेलं, त्यांच्याबद्दल निदान आमच्या घरात वेगळ्या शब्दांत बोललं जाईल. त्यांचं निदान आता कुणी करू शकत नाही, करूही नये. पण ‘येडा’ हा शब्द मागे घेता येतो.

‘नाही’ असेल तर : मीटिंगचा विषय तरीही लिहून मागेन, मुलीला वर्णन तरीही सांगेन, आजोबांबद्दलचा शब्द तरीही बदलेन. आणि माझी अडचण दुसरी काहीतरी आहे हे कळून तिचा शोध घेईन.

दोन्ही उत्तरांत करायच्या गोष्टी इतक्या सारख्या निघाल्या, हे लिहिताना माझ्याही लक्षात आलं. मग डॉक्टर बरोबरच म्हणत होते का? अर्धे. करायचं काय, हे नाव कळल्यानं फार बदलत नाही. बदलतं ते हे, की करताना दरवेळी स्वतःशी खटला चालवावा लागत नाही. अंधाऱ्या खोलीत पडल्यावर ‘आपण ढोंग तर करत नाही ना’ हा विचार मी रोज करतो आणि रोज निकाल राखून ठेवतो. विचारायचं आहे ते यासाठी, की निकाल काहीही लागो, हा खटला संपावा.

पुढच्या महिन्यात दुसऱ्या डॉक्टरांची वेळ घेतली आहे. आई येणार आहे. तिला मी एवढंच सांगितलं, की जे आठवतं ते सांग, बरं-वाईट ठरवून सांगू नकोस. ती म्हणाली, “आठवायला लागेल. लिहून काढते.” सध्या ती पंचांगाच्या मागच्या कोऱ्या पानांवर लिहिते आहे. मी वाचलेलं नाही.